कायद्याच्या वर्गात पैशाचे गणित

दिवाणी दाव्याच्या शेवटी विनंती असते आणि त्या विनंतीत बहुधा एक रक्कम असते. अपघाताची भरपाई, थकलेले भाडे, पोटगी, बुडीत कर्जाची वसुली, वाटणीतला हिस्सा, ठेकेदाराचे अडकलेले बिल, यांपैकी प्रकरण कोणतेही असो, हक्क सिद्ध झाल्यावर ‘किती?’ हा प्रश्न उरतोच. हक्क कसा सिद्ध करावा हे शिकवायला कायद्याच्या महाविद्यालयात तीन किंवा पाच वर्षे मिळतात. रक्कम कशी काढावी यासाठी फार थोडे तास राहतात. त्याची किंमत पक्षकार मोजतो. दाव्यात व्याज मागायचे राहून जाते, उत्पन्नाचा पुरावा अपुरा पडतो, तडजोडीचा आकडा न्यायालयाच्या व्हरांड्यात अंदाजाने ठरतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला व्यावहारिक अर्थशास्त्र आणि आर्थिक साक्षरता शिकवायची ती नेमक्या या जागांसाठी. हा विषय व्याख्यांतून शिकवला तर विद्यार्थी तो परीक्षेनंतर विसरतो. प्रकरणाची फाइल हातात देऊन शिकवला तरच तो अंगी लागतो.

जुना संबंध

कायदा आणि अर्थशास्त्र यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे मिळवायचे आणि जाळायचे, हे उठावाचे मुख्य काम होते. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. तोपर्यंत न्यायालय रोख्यावरचा अंगठा आणि आकडा पाहून हुकूमनामा देत असे. नव्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायला लावले. मूळ उसनवारी कधीची, शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्ष किती पडले, व्याज किती वेळा मुद्दलात मिळवले गेले, मधल्या काळात धान्याच्या रूपाने किती फेड झाली, हे सारे उलगडून हिशेब नव्याने मांडायचा होता. हिशेब समजत नसेल तर तो कायदा राबवणेच शक्य नव्हते.

या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिलेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले आणि पुढच्याच वर्षी ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. कर्जबाजारी कुळांचे हिशेब आणि देशाच्या दारिद्र्याची मीमांसा हे त्यांच्या लेखी एकाच अभ्यासाचे दोन भाग होते. पुढच्या पिढीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले, रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. चलनावरचा अधिकारी विद्वान कायद्याच्या महाविद्यालयाचा प्रमुख असणे, ही परंपरा या मातीतली आहे.

अमेरिकेत ‘कायदा आणि अर्थशास्त्र’ ही स्वतंत्र ज्ञानशाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. रोनाल्ड कोस यांचा सामाजिक खर्चावरचा लेख १९६० चा, रिचर्ड पॉस्नर यांचे कायद्याच्या आर्थिक विश्लेषणावरचे पुस्तक १९७३ चे. त्याआधी १९४७ मध्ये न्यूयॉर्क बंदरातल्या एका बुडालेल्या पडावाच्या खटल्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी निष्काळजीपणाची कसोटी थेट बीजगणितात मांडली होती. अपघाताची शक्यता गुणिले संभाव्य नुकसान, या गुणाकारापेक्षा खबरदारीचा खर्च कमी असेल आणि तरीही ती घेतली नसेल, तर तो निष्काळजीपणा. ही शाखा मोलाची आहे, पण तिचा भर कायदा कसा असावा यावर आहे. जिल्हा न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलाची पहिली गरज वेगळी आहे. जो कायदा आज आहे, त्यात पक्षकाराची रक्कम किती होते, हे त्याला काढता आले पाहिजे.

अभ्यासक्रमातली जागा

भारतात पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात अर्थशास्त्र असते, पण बहुतेक ठिकाणी ते पहिल्या एक-दोन वर्षांत संपते. मागणी-पुरवठ्याचे वक्र, राष्ट्रीय उत्पन्न, पंचवार्षिक योजना, बँकिंगची ओळख, असा त्याचा आराखडा कला शाखेतून जसाच्या तसा आलेला असतो. करार कायदा, अपकृत्ये, मालमत्ता हस्तांतरण हे विषय पुरते समजेपर्यंत अर्थशास्त्राची वही बंद झालेली असते, आणि या दोहोंची गाठ घालून द्यायला कोणी उरत नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा पदवीधर येतो. त्यातला वाणिज्य पदवीधर ताळेबंद वाचू शकतो, साहित्याच्या पदवीधराने तो कधी पाहिलेलाही नसतो, आणि दोघांना एकच प्रश्नपत्रिका असते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या अनिवार्य प्रात्यक्षिक विषयांत एक आहे व्यावसायिक नीतिमत्ता आणि व्यावसायिक लेखापद्धती. म्हणजे हिशेब शिकवण्याची तरतूद नियमांत आधीपासून आहे. मात्र या विषयाचा ठरलेला मजकूर वकिलीच्या आचारधर्मावर, शिस्तपालन समित्यांच्या निर्णयांवर आणि न्यायालयाच्या अवमानावर केंद्रित असतो. नावातल्या लेखापद्धतीला खरा आशय देणे, हा सुधारणेचा सर्वांत सोपा मार्ग म्हणता येईल. त्यासाठी नवा विषय मंजूर करून घेण्याची गरज नाही.

अर्थशास्त्राचे मूळ सिद्धांत टाकून द्यावेत असे मात्र नाही. ते कायद्याच्या उदाहरणातून शिकवले तर पक्के बसतात. किंमत गोठवली की काय होते, हे शिकवायला मुंबईच्या भाडे नियंत्रणाइतके बोलके उदाहरण नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. युद्धानंतरच्या टंचाईत ते भाडेकरूचे संरक्षण होते. पण महागाई वाढत गेली आणि भाडे तिथेच राहिले. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. जागेची खरी किंमत पागडीच्या रूपाने कागदाबाहेर वाहू लागली, आणि मोडकळीला आलेल्या चाळींच्या दुरुस्तीसाठी सरकारला उपकर बसवून स्वतंत्र मंडळ उभारावे लागले. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नसल्याचे म्हटले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीलाही कायद्याच्या कक्षेत आणले. किंमत-मर्यादा, टंचाई, काळा बाजार, प्रोत्साहन या चारही संकल्पना एका कायद्याच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात दिसतात. गिरगाव-लालबागच्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला त्या वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

व्याज

सुरुवात मात्र व्याजापासून करावी. कायद्याच्या जवळजवळ प्रत्येक शाखेत ते येते आणि सर्वाधिक चुकाही तिथेच होतात. सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज यांतला फरक शाळेत शिकलेला असतो, पण तो रुपयांत पाहिलेला नसतो. महिना ३ टक्क्यांनी घेतलेले ५०,००० रुपये घ्या. सरळ व्याजाने महिन्याला १,५०० रुपये होतात आणि व्याज मुद्दलाइतके व्हायला ३३ महिन्यांहून थोडा अधिक काळ लागतो. तेच व्याज दरमहा मुद्दलात मिळवले, तर रक्कम दोन वर्षांच्या आतच दुप्पट होते. याच ठिकाणी विद्यार्थ्याला दामदुपटीचा नियम सांगावा. व्याजाची थकबाकी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, हा हिंदू विधीतला जुना दंडक मुंबई इलाख्यात न्यायालये लावत आली, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही मुद्दलाहून अधिक व्याज घेण्याला मनाई आहे. नियम पाठ असणे पुरेसे नाही. सावकाराच्या वहीत मुद्दल म्हणून दाखवलेला आकडा हा आधीच व्याज मिळवून फुगवलेला तर नाही ना, हे तपासल्याशिवाय त्या नियमाचा उपयोग होत नाही. १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलेले काम आजच्या वकिलालाही चुकलेले नाही.

दुसरा सराव सरसकट दराचा. एक लाख रुपयांचे कर्ज, तीन वर्षे मुदत, ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’. व्याज ३६,००० आणि महिन्याचा हप्ता सुमारे ३,७७८ रुपये. कर्जदार समजतो की आपण १२ टक्के देतो. पण मुद्दल दरमहा फिटत जाते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण एक लाखावर चालते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला सुमारे २१ टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या नव्या कर्जांसाठी सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारे मुख्य माहितीपत्रक देणे बंधनकारक केले, ते याच गफलतीवर उपाय म्हणून. ग्राहक आयोगापुढे जाणाऱ्या वकिलाला हे पत्रक वाचता आले पाहिजे.

आणि मग कायद्यातले दर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ प्रमाणे हुकूमनाम्यानंतर साधारणतः ६ टक्क्यांपर्यंत व्याज मिळते. व्यापारी व्यवहारात ते कराराच्या दरापर्यंत जाऊ शकते. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या थकलेल्या बिलांना मात्र २००६ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज दिले आहे. बँक दर ६ टक्के धरला तर १० लाखांचे बिल तीन वर्षांत सुमारे १७ लाख ९ हजार होते. ६ टक्के सरळ व्याजाने ते ११ लाख ८० हजारच होते. फरक सव्वापाच लाखांहून अधिक आहे आणि तो पूर्णपणे वकिलाने कोणत्या कायद्याखाली, कोणत्या मंचापुढे मागणी केली यावर अवलंबून आहे. हा एक तक्ता फळ्यावर मांडला की व्याजाची मागणी दाव्यात तपशीलवार का लिहायची, हे वेगळे पटवावे लागत नाही.

एका मृत्यूची किंमत

मोटार अपघात न्यायाधिकरणापुढचे प्रकरण हे या विषयाचे सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक आहे. त्यात उत्पन्न, महागाई, कुटुंबाचा खर्च, पैशाचे काळानुसार बदलणारे मूल्य आणि घरकामाचे मोल हे सगळे एकत्र येते. शिवाय त्या आकड्यावर एका कुटुंबाची पुढची वीस वर्षे चालायची असतात.

स्वतःचे गॅरेज चालवणारा ३४ वर्षांचा मेकॅनिक अपघातात गेला असे समजा. महिन्याचे उत्पन्न २०,०००, मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वार्षिक उत्पन्न २,४०,००० झाले. प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने भावी उत्पन्नवाढ किती धरायची ते ठरवून दिले. स्वयंरोजगार आणि वय ४० च्या आत, म्हणून ४० टक्के. रक्कम ३,३६,००० झाली. तो जगला असता तर स्वतःवरही खर्च करता. सरला वर्मा प्रकरणाच्या २००९ च्या निकालाप्रमाणे चार अवलंबित असल्याने त्यासाठी एक चतुर्थांश वजा करायचा. उरले २,५२,०००. त्याच निकालाच्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६. भरपाई ४०,३२,००० रुपये. यात अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि सहवासाची हानी यांसाठीच्या ठरावीक रकमा मिळवायच्या. त्या दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात, हे अनेक अर्जांत विसरले जाते.

इतके बहुतेक मार्गदर्शकांत सापडते. शिकवण्याचे खरे काम यापुढे सुरू होते. हा मेकॅनिक साठीपर्यंत कमावता राहिला असता तर त्याच्या हातात २६ वर्षे होती. मग गुणक २६ का नाही, १६ का? उत्तर पैशाच्या आजच्या मूल्यात आहे. २६ वर्षांत टप्प्याटप्प्याने येणारे पैसे आज एकरकमी मिळणार आहेत आणि त्यांवर व्याज सुटणार आहे. वर्षाला ४ टक्के दर धरून पुढच्या २६ वर्षांच्या समान उत्पन्नाचे आजचे मूल्य काढले, तर ते जवळजवळ बरोबर सोळापट येते. न्यायालयाचा तक्ता या सूत्रातून काढलेला नाही. इंग्लंडमधल्या १९४२ च्या एका निकालापासून चालत आलेल्या गुणक पद्धतीत आयुष्यातली इतर अनिश्चितताही धरलेली आहे. तरीही विद्यार्थ्याने हे गणित एकदा स्वतः केले की तक्ता त्याच्या दृष्टीने निव्वळ पाठ करायचा कागद राहत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, ४०,३२,००० रुपये सव्वासहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला नेमके २,५२,००० व्याज येते आणि मुद्दल शाबूत राहते. मग कुटुंबाला जास्त मिळाले का? महागाई धरल्यावर दहा वर्षांनी त्या व्याजात किती किराणा येईल, हा पुढचा प्रश्न वर्गानेच विचारायला हवा.

उत्पन्नाच्या पुराव्यावर किती अवलंबून असते तेही इथेच दिसते. हाच माणूस कायम नोकरीत असता तर वाढ ५० टक्के धरली गेली असती आणि भरपाई ४३,२०,००० झाली असती, म्हणजे २,८८,००० अधिक. आणि गॅरेजचे उत्पन्न २०,००० ऐवजी १५,००० च सिद्ध झाले तर भरपाई दहा लाखांनी खाली येते. बँकेचे पासबुक, सुट्या भागांच्या दुकानातली उधारीची वही, गुमास्ता परवाना, वीजबिल, प्राप्तिकराचे रिटर्न, यांतले काय गोळा करायचे हे वकिलाला पहिल्या भेटीत सुचले पाहिजे.

गेलेली व्यक्ती गृहिणी असेल तर? पगारपत्रक नाही, रिटर्न नाही. लता वाधवा प्रकरणापासून न्यायालये घरकामाचे मोल ठरवत आली आहेत आणि जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यामागच्या पद्धतींची सविस्तर चर्चा केली. तीच बाई बाहेर नोकरी करती तर किती मिळवती, हे पाहणे ही एक पद्धत. तिची कामे पगारी माणसांकडून करून घेतली तर किती खर्च येईल, ही दुसरी. त्या निकालात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार आहे. त्या पाहणीनुसार बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात, पुरुष ९७. संधी-खर्च ही अर्थशास्त्रातली संकल्पना विद्यार्थ्याला याहून गंभीरपणे भेटणार नाही.

लढायचे की मिटवायचे

पक्षकाराने वकिलाला विचारलेला सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, समोरचा चार लाख देतोय, घेऊ का? याला ठोकताळ्याने उत्तर देण्याची सवय आहे. वर्गात त्याचे गणित करता येते. दावा १० लाखांचा, जिंकण्याची शक्यता वकिलाच्या मते १०० त ६०, निकालाला सहा वर्षे, खर्च ८०,०००. व्याज मिळणार नसेल तर अपेक्षित रक्कम ६ लाख. पण ती सहा वर्षांनी हाती येणार. वर्षाला ८ टक्के धरून तिचे आजचे मूल्य सुमारे ३ लाख ७८ हजार, आणि खर्च वजा जाता तीन लाखांच्याही आत. चार लाख घेणे शहाणपणाचे. आता न्यायालय दाव्याच्या तारखेपासून ६ टक्के व्याज देईल असे धरा. सहा वर्षांनी १३ लाख ६० हजार, त्याचे ६० टक्के ८ लाख १६ हजार, आजचे मूल्य सुमारे ५ लाख १४ हजार, खर्च वजा जाता ४ लाख ३४ हजार. आता चार लाख कमी ठरतात. आणि जिंकण्याची शक्यता ६० ऐवजी ५० धरली की हाच आकडा साडेतीन लाखांच्या आसपास येतो आणि सल्ला पुन्हा उलटतो.

या सरावाने अचूक भविष्य कळते असे कोणी समजू नये. शक्यतेचा आकडा हा वकिलाचा अंदाजच असतो. फायदा असा की अंदाज उघड करावा लागतो. साक्षीदार कच्चा आहे हे वकिलाला माहीत असते, पण ते रकमेत किती उतरवायचे हे कागदावर मांडल्याशिवाय ठरत नाही. शिवाय प्रत्येक पक्षकाराची पैशाची निकड वेगळी. ज्याच्या मुलीचे लग्न तोंडावर आहे किंवा ज्याच्या कर्जाला महिना २ टक्के लागताहेत, त्याच्यासाठी ८ टक्क्यांचा दर धरणे चूक आहे. त्याच्या गरजेचा दर धरला तर तडजोड खूप आधीच परवडते. लोकअदालतीत मिटले तर न्यायालयीन शुल्क परत मिळते, हेही बेरजेत धरावे. बहिणीला वडिलांच्या घरात हिस्सा हवा असतो तेव्हा प्रश्न पैशापलीकडचा असतो. तिथे गणित मांडून दाखवावे आणि निर्णय तिच्यावर सोडावा.

हिशेबाचे कागद

पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले. त्यामुळे कौटुंबिक न्यायालयातल्या वकिलापुढे आता रिटर्न, बँकेचे उतारे आणि ताळेबंद येतात. ते वाचता न आल्यास प्रतिज्ञापत्राचा हेतूच फसतो. सरावासाठी एका दुकानदाराचे कागद बनवून द्यावेत. रिटर्नमध्ये नफा ३,६०,०००, म्हणजे महिन्याला ३०,०००. नफा-तोटा पत्रकात घसारा १,८०,०००. घसारा हा खर्च असला तरी त्या वर्षी तेवढे पैसे हातातून गेलेले नसतात. ताळेबंदात मालकाच्या भांडवल खात्यावर घरखर्चाची उचल ६,६०,०००. तीस हजार कमावणारा महिन्याला पंचावन्न हजार घरी कसा नेतो, असा प्रश्न उलटतपासणीत विचारता येतो. त्याचे उत्तर कदाचित देण्यांच्या बाजूला ‘नातलगांकडून बिनतारण कर्ज’ या ओळीत सापडेल. नवऱ्याच्या वकिलानेही उत्तर तयार ठेवावे. घसारा हा कल्पित आकडा नाही, फ्रीजर आणि टेम्पो केव्हातरी बदलावेच लागतात. दोन गटांना एकच ताळेबंद देऊन दोन्ही बाजू लढवायला लावल्या, तर एका दुपारात जे शिकून होते ते लेखापद्धतीच्या दहा व्याख्यानांत होत नाही.

कर्जवसुली आणि दिवाळखोरी या शाखांत हीच कौशल्ये मोठ्या आकड्यांवर वापरायची असतात. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, मग सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते, आणि त्या साठ दिवसांत एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा तर पक्षकाराकडे पैसा कुठून आणि केव्हा येणार याचा महिनावार तक्ता लागतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कलम ५३ मधली देणी फेडण्याची उतरंड समजली, की विनातारण पुरवठादाराला शेवटी हाती काय लागेल याचा अंदाज बांधता येतो.

वकिलाचा स्वतःचा पैसा

आर्थिक साक्षरतेचा हा भाग विद्यार्थ्याच्या थेट पोटाशी येतो, म्हणून तो टाळू नये. नव्या वकिलाची पहिली काही वर्षे ओढाताणीची असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. उत्पन्न अनियमित असताना चांगल्या महिन्यातले पैसे वाईट महिन्यासाठी बाजूला ठेवणे, आरोग्य विमा वेळेत घेणे, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरत राहिल्यास व्याज कसे फुगते, हे सगळे शिकवण्याजोगे आहे. छोट्या व्यावसायिकाला एकूण जमेची निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोय प्राप्तिकरात आहे. वकिलाने व्यवसाय-संस्थेला दिलेल्या सेवेवरचा जीएसटी सर्वसाधारणपणे ती संस्थाच भरते. या दोन गोष्टी माहीत नसल्याने कितीतरी कनिष्ठ विनाकारण धास्तावतात.

त्याहून नाजूक बाब पक्षकाराच्या पैशाची. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवायचा असतो, मिळालेली रक्कम फीसाठी की खर्चासाठी ते नोंदवायचे असते, आणि हाती असलेला पक्षकाराचा पैसा कर्ज म्हणून फिरवता येत नाही. निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवणेही मना आहे. सुरुवातीला अनेक जण पक्षकाराने स्टॅम्पसाठी दिलेले पैसे आणि स्वतःचे पैसे एकाच खात्यात ठेवतात, आणि अडचणीच्या महिन्यात पक्षकाराचे पैसे घरखर्चात जातात. पुढे ते भरून काढण्याचा प्रामाणिक इरादा असूनही शिस्तभंगाची पायरी इथेच चढली जाते. दोन स्वतंत्र खाती आणि प्रत्येक प्रकरणाची एक खतावणी, एवढी साधी व्यवस्था महाविद्यालयातच हाताला वळण म्हणून लावता येते.

शिकवण्याची रीत

गणिताची धास्ती हा मुख्य अडथळा आहे. ती ‘हे सोपे आहे’ असे सांगून जात नाही, सरावाने जाते. लागणारे गणित टक्केवारी, गुणाकार आणि चक्रवाढीचे एक सूत्र याच्या पलीकडे फारसे नाही. पहिले दोन तास हाताने हिशेब करू द्यावा, मग एक्सेलचा तक्ता करायला शिकवावे. दर बदलून, वर्षे बदलून, उत्पन्न बदलून रक्कम कशी हलते हे पडद्यावर दिसू लागले की कोणत्या मुद्द्यावर लढायचे ते विद्यार्थ्याला आपोआप उमगते. अपघात प्रकरणात बहुधा सर्वाधिक फरक उत्पन्नाच्या पुराव्याने पडतो. व्याजाच्या टक्क्याने पडणारा फरक त्याहून कमी असतो.

एकटा अर्थशास्त्राचा प्राध्यापक हा विषय पेलू शकत नाही, एकटा कायद्याचाही नाही. दोघांनी मिळून एकाच फाइलवर वर्ग घ्यावा, आणि ताळेबंदाच्या वेळी एखाद्या सीएला बोलवावे. अपघात प्रकरणे चालवणारा जिल्हा न्यायालयातला वकील पाहुण्या व्याख्यानासाठी सर्वांत उपयोगी, कारण कोणता कागद न्यायाधिकरण मानते आणि कोणता नाही हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रात हे ज्ञान लगेच कामाला येते. खात्यातून परस्पर पैसे गेलेला माणूस तिथे येतो, तेव्हा सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार, बँकेला तातडीने लेखी कळवणे आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातली तीन कामकाजी दिवसांची मुदत, हे विद्यार्थ्याला जागेवर सांगता आले पाहिजे. ती मुदत पाळली आणि चूक ग्राहकाची नसेल, तर तिऱ्हाइताने केलेल्या फसवणुकीचा भार ग्राहकावर पडत नाही.

परीक्षा मात्र बदलावी लागेल. ‘चक्रवाढ व्याज म्हणजे काय’ असा प्रश्न विचारला तर विद्यार्थी व्याख्या पाठ करतील. त्याऐवजी तीन-चार पानांची छोटी फाइल द्यावी, तिच्यात एक कागद जाणूनबुजून गाळलेला असावा, आणि उत्तरात तीन गोष्टी मागाव्यात: विनंतीचा परिच्छेद, रकमेचा तक्ता, आणि पक्षकाराकडून आणखी कोणता कागद मागवाल ते. तक्त्यातल्या बेरजेच्या चुकीला थोडे गुण कापावेत. व्याज मागायचेच राहिले किंवा अवलंबितांची संख्या चुकीची धरली, तर बरेच कापावेत. कॅल्क्युलेटर जवळ ठेवू द्यावा, गुणकाचा तक्ताही छापून द्यावा, कारण न्यायालयातही तो वकिलाच्या हाताशी असतो.